दहावी आज्ञा कोणासाठी?

सावर्ड्यासारख्या गावात बांध कोरणे म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्याआधी दोन बोटे, पुढच्या वर्षी आणखी दोन बोटे, आणि दहा वर्षांनी सातबारा घेऊन भाऊ भावासमोर चिपळूणच्या कोर्टात उभा. वहाळ, डेरवण, असुर्डे, नाव कुठल्याही गावाचे घ्या, भावकीचे निम्मे वैर बांधावरच उगवलेले असते. बायबलमध्ये या बांधाचा विचार अनेक ठिकाणी आहे, पण त्यातल्या दोन ठिकाणचा सूर एकमेकांपेक्षा वेगळा आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड सरकवणाऱ्याला शाप दिलेला आहे. त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात दहा आज्ञा येतात, त्यातली शेवटची शेजाऱ्याच्या घराचा आणि शेताचा लोभ धरू नये असे सांगते. दगड सरकवणे हा दिसणारा गुन्हा आहे. मोजणीदार आणून तो उघडा पाडता येतो. लोभाची मोजणी मात्र कोणत्याही भूमी अभिलेख कार्यालयात होत नाही. ज्याने आयुष्यात एकदाही बांधाला कुदळ लावली नाही, तोही दहाव्या आज्ञेखाली सापडतो. जगातल्या कुठल्याही सरकारला अमलात आणता येणार नाही असा हा कायदा आहे, आणि ख्रिस्ती सुवार्तेत देवाच्या नियमशास्त्राचे काम काय, या जुन्या प्रश्नाची किल्ली माझ्या मते इथेच आहे.

हा प्रश्न पाळक आणि धर्मपंडित यांच्यापुरता वाटेल, पण तसा तो नाही. धर्मप्रचार म्हणजे नेमके काय, आमिष कशाला म्हणायचे, धमकी कशाला म्हणायची, यावर आपल्याकडे सभा होतात, मोर्चे निघतात, कायदे होतात. त्या गदारोळात प्रचारक काय बोलतो आणि त्याने काय बोलायला हवे, याकडे सहसा कुणी पाहत नाही. माझे म्हणणे असे की जो प्रचार देवाच्या नियमशास्त्रापासून सुरू होतो, तोच प्रामाणिक असण्याची शक्यता जास्त. अट एकच, सांगणाऱ्याने ते नियमशास्त्र आधी स्वतःला लावलेले असावे. महाराष्ट्रातला गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही अट पाळली गेली तिथे आणि मोडली गेली तिथे, दोन्हीकडे तिची साक्ष मिळते.

प्रॉटेस्टंट परंपरेत या विषयाची मांडणी साधारण अशी आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की नियमशास्त्रामुळे माणूस नीतिमान ठरत नाही, त्याला पापाची ओळख होते. त्याने दिलेला दाखलाही खुनाचा किंवा चोरीचा नाही, लोभाचाच आहे. लोभ धरू नको असे ऐकले नसते तर लोभ म्हणजे काय हेच मला कळले नसते, असा त्याचा रोख. गलतीकरांस लिहिताना तो नियमशास्त्राला मुलाला बोट धरून गुरूपर्यंत नेणाऱ्या गड्याची उपमा देतो. गडी म्हणजे गुरू नव्हे, पण तो नसेल तर मूल वाटेतच रमते. ल्यूथरने यातून नियमशास्त्र आणि सुवार्ता यांतला भेद काढला. एक रोग दाखवते, दुसरी औषध देते. कॅल्विनने नियमशास्त्राचे तीन उपयोग सांगितले: आरसा, लगाम आणि वाट दाखवणारा दिवा. आरशात तोंडाला लागलेली काजळी दिसते, पण आरशाने तोंड धुता येत नाही. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत तर सुरुवातीलाच विचारले आहे की तुझी दुर्दशा तुला कशावरून कळते, आणि उत्तर देवाचे नियमशास्त्र असे आहे. तिथे नियमशास्त्र म्हणून दहा आज्ञांची यादी दिलेली नाही. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करा हे येशूने काढलेले सार दिले आहे. दहा आज्ञा येतात त्या शेवटच्या भागात, कृतज्ञतेच्या प्रकरणात. ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. चोरी केली नाही म्हणणारे शेकड्याने सापडतील, शेजाऱ्यावर स्वतःइतकी प्रीती केली असे म्हणणारा एकही सापडणार नाही.

हीच शिकवण घेऊन 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसे कोकणात उतरली. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची पहिली ठाणी. पुढे मुंबईत नावारूपाला आलेले जॉन विल्सन 1829 मध्ये भारतात आले आणि मराठी शिकण्यासाठी आधी हर्णैला राहिले. ही सगळी माणसे वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीवर वाढलेली. त्या प्रश्नोत्तरीतल्या 107 प्रश्नांपैकी चाळीसएक प्रश्न एकट्या दहा आज्ञांवर आहेत. लहानपणी ती त्यांनी आपण पाढे पाठ करतो तशी पाठ केलेली असणार. तेव्हा नियमशास्त्र त्यांना ठाऊक नव्हते असे कुणी म्हणू शकणार नाही. त्यांनी ते वापरले कसे, ते पाहण्यासारखे आहे. 1831 मध्ये मोरभट दांडेकरांनी विल्सन यांच्याशी वाद करून ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिले. विल्सन यांनी 1832 मध्ये इंग्रजी पुस्तकाने उत्तर दिले. साताऱ्याच्या नारायणरावांनी पुन्हा लेखणी उचलली, तेव्हा 1834 मध्ये विल्सन यांचे दुसरे पुस्तक आले. दोन्ही पुस्तकांच्या नावांत हिंदू धर्म उघडा पाडण्याची भाषा आहे. पहिल्या दोन आज्ञा, म्हणजे अन्य देव नको आणि मूर्ती नको, यांचे आसूड ओढायचे, पुराणातल्या देवांची वर्तणूक सातव्या आज्ञेच्या फूटपट्टीने मोजायची, असा हा प्रकार होता. विद्वत्तेत काही कमी नव्हते, विल्सन यांचा संस्कृतचा व्यासंग तर खराच होता. पण आरसा सारखा समोरच्याकडे वळवलेला राहिला. ज्या मुंबईत हे वाद चालले होते, त्याच बंदरातून माळव्याची अफू चीनकडे जात होती आणि कंपनी सरकार तिच्यावर कर घेत होते. आठवी आज्ञा चोरीविषयी आहे, पण तिचा उच्चार राज्यकर्त्यांसमोर मूर्तींच्या निषेधाइतक्या चढ्या आवाजात झाला नाही. पुढे अफूच्या व्यापाराविरुद्ध अनेक मिशनऱ्यांनी आवाज उठवला, हे नोंदवायलाच हवे. मात्र तोपर्यंत मराठी माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती: साहेबाचा देव साहेबाला सोडून सगळ्यांना आज्ञा देतो.

बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात मोठी ख्रिस्ती वस्ती कधी उभी राहिली नाही. त्याची कारणे बरीच होती. जातीची पकड होती, बहिष्काराचे भय होते, मिशनने पुढे मुंबई-पुण्याकडे मुक्काम हलवला हेही होते. पण ऐकणाऱ्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात आहोत आणि बोलणारा न्यायाधीशाच्या खुर्चीवर आहे असे वाटले, तर तो वकिली करणार, पश्चात्ताप करणार नाही. 1857 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मिशनऱ्यांशी महिनोन्महिने वाद केला. लोक ऐकायला जमत, दोन्ही बाजूंची पुस्तके निघाली. वादाची मैफल म्हणून ती उत्तम होती. सुवार्ता म्हणून तिचे काय झाले, हा प्रश्न वेगळा.

याहून जुनी आणि काळी गोष्ट आपल्या दक्षिणेला, गोव्यात घडली. तिथे 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले आणि मधली काही वर्षे सोडली तर 1812 पर्यंत टिकले. देवाची आज्ञा आणि राजाचा हुकूम एकाच शिपायाच्या हातात गेले की काय होते, ते गोव्याने पाहिले. आणि त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे. पहिल्या पुराणात सृष्टीपासून जुन्या कराराची कथा येते, दुसऱ्यात येशूची. म्हणजे दहा आज्ञा आणणारा मोशे आधी, ख्रिस्त नंतर, हा क्रम स्टीफन्सनेही पाळला. फरक इतकाच की त्याचे नियमशास्त्र कथेच्या अंगाने येते. श्रोता प्रश्न विचारतो, पाद्री गुरू उत्तर देतो, आणि देवाची आज्ञा मोडणारे जे लोक कथेत आहेत ते देवाचेच निवडलेले लोक आहेत. पूजेसाठी ओतलेले सोन्याचे वासरू परधर्मीयांनी केले नव्हते, ते मोशेच्या माणसांनीच केले होते. दहा आज्ञा सांगायच्या तर ही गोष्ट सोबत सांगावीच लागते, आणि ती सांगितली की न्यायाधीशाची खुर्ची आपोआप रिकामी होते. इन्क्विझिशनच्या दारात बसून रचलेल्या ग्रंथाला त्या भवतालापासून पूर्ण सोडवता येणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही तो ग्रंथ पुढची कित्येक वर्षे गोव्याच्या ख्रिस्ती घरांत प्रेमाने वाचला गेला. इन्क्विझिशनची आठवण प्रेमाने कुणी काढत नाही.

नियमशास्त्राची कल्पना मराठी माणसाला नवी होती का? अजिबात नाही. उलट इथे शास्त्राची समृद्धी इतकी होती की प्रश्न वेगळाच निर्माण झाला. 1843 मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता, श्रीपत मिशनऱ्यांकडे राहून त्यांच्यासोबत जेवला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर रण माजले. प्रायश्चित्त देऊन घ्यावे अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी लावून धरली. हे बाळशास्त्री आपल्याच किनाऱ्यावरच्या पोंभुर्ल्याचे. या प्रकरणात दोन कायदे समोरासमोर आले. एका कायद्यात दोष होता, त्यावर प्रायश्चित्त होते, प्रायश्चित्त झाले की खाते मिटत होते. वाद होता तो दोष किती मोठा आणि प्रायश्चित्त पुरेसे की अपुरे, एवढाच. मिशनऱ्यांच्या कायद्यात खाते मिटवण्याची सोय माणसाच्या हातात नव्हतीच, आणि त्यांच्या मते ती नसणे हाच त्या कायद्याचा उपयोग होता. लोभाला प्रायश्चित्त काय देणार? गोमूत्र प्यायल्याने शेजाऱ्याच्या शेतावरची नजर हटत नाही, आणि तसे पाहिले तर रविवारी चर्चमध्ये बसल्यानेही हटत नाही. जांभेकरांची भूमिका त्या काळी धाडसाची आणि माणुसकीची होती, यात शंका नाही. पण दोन्ही बाजू एकाच शब्दाने, म्हणजे ‘पाप’ या शब्दाने, दोन निराळ्या गोष्टी बोलत होत्या, हे त्या धामधुमीत फारसे कुणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आता एक पुरावा असा, जो मिशनच्या मित्रांना आणि शत्रूंना सारखाच गैरसोयीचा आहे. ख्रिस्ती प्रचारातले महाराष्ट्राने सर्वांत जास्त काय उचलले? सुवार्ता नव्हे, नियमशास्त्र. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एकच निर्मिक आहे, सर्व स्त्री-पुरुष त्याची लेकरे आहेत, आणि सत्य वर्तन कशाला म्हणावे याचे नियम आहेत. बाप्तिस्मा नाही, क्रूसही नाही. 1867 मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. त्यातही एकेश्वर आहे, मूर्तीला नकार आहे, नीतीवर भर आहे, पण ख्रिस्त तारणारा म्हणून नाही. आणि हा तिसरा दाखला तर जवळजवळ विनोदी वाटावा असा: चिपळूणजवळच्या पेढे-परशुराममध्ये जन्मलेले पांडुरंग वामन काणे दापोलीच्या मिशन शाळेतून मॅट्रिक झाले, आणि त्यांनी आयुष्य वेचले ते ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिण्यात. 1930 ते 1962 या काळात त्याचे पाच खंड निघाले, 1963 मध्ये काण्यांना भारतरत्न मिळाले. मिशनच्या शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाने मनूपासून निबंधकारांपर्यंत सगळ्यांचा हिशेब मांडला. मिशनऱ्यांच्या अहवालांच्या दृष्टीने हे सगळे अपयश. माझ्या दृष्टीने यातून नियमशास्त्राचा स्वभाव कळतो. नुसते नियमशास्त्र ऐकलेला माणूस सुधारक होतो, विद्वान होतो, कधी कधी ढोंगीही होतो. तो ख्रिस्ती होत नाही. पौलाला हे ठाऊक होतेच. गडी मुलाला दारापर्यंत नेतो, आत ढकलत नाही.

मग आत गेलेले कसे गेले? रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला 1861 मध्ये जन्मलेले नारायण वामन टिळक 1893 मध्ये आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतल्या डोंगरावरील प्रवचनाशी ते थांबले. नियमशास्त्राच्या दृष्टीने हे प्रवचन साधे नाही. खून करू नको ही आज्ञा येशू तिथे रागापर्यंत आत नेतो, व्यभिचाराची आज्ञा नजरेपर्यंत नेतो, शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा वैऱ्यापर्यंत ताणतो. दहाव्या आज्ञेने जे लोभाचे केले, ते येशूने सगळ्याच आज्ञांचे केले. नवल असे की टिळकांना त्या प्रवचनात प्रेम आणि कोमलता दिसली, धमकी दिसली नाही. सांगणारा माणूस स्वतः ते जगला होता, हे त्यांना पुस्तकातच दिसत होते. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या डब्यात पुस्तक देणाऱ्याने वाद घातला नाही, आरसा फक्त हातात दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक पुढे सांगत असत. तुकोबांच्या अभंगांत स्वतःवर ओढलेले कोरडे ज्याने ऐकले आहेत, त्याला डोंगरावरच्या प्रवचनातली तपासणी परकी का वाटावी?

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम दाखला पंडिता रमाबाईंचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. रमाबाईंना शास्त्र शिकवायला कुणाची गरज नव्हती. पुराणे सांगत त्यांनी देश पालथा घातला होता, धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचले होते, आणि स्त्रियांविषयी ते ग्रंथ काय म्हणतात हे वाचूनच त्या विटल्या होत्या. नियमाने भरलेल्या घरातून बाहेर पडलेल्या बाईला आणखी नियम सांगून काय होणार होते? इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे मठातल्या भगिनी ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांची सेवा करतात, हे त्यांनी पाहिले आणि विचारले की हे का करता. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. 1883 मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे इथे आधी कृपा दिसली, तीही पुस्तकात नव्हे, हातांच्या कामात. नियमशास्त्र आधी हवे, हे सूत्र इथे मोडते. मोडू द्यावे. पण पुढचा भागही पाहावा. रमाबाईंनीच नंतर लिहून ठेवले आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपण पापी आहोत आणि आपल्याला तारणारा हवा आहे, याची जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी झाली. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे धार्मिक जागरण झाले, त्यात मुलींनी आणि बायकांनी रडून आपापली पापे कबूल केली. आरसा आला, उशिरा आला, पण आला. आणि त्या शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीतही येशू तिच्या पाच नवऱ्यांचा विषय काढतोच. पाणी मागितल्यानंतर काढतो, एवढेच. तेव्हा क्रम हा रेल्वेच्या वेळापत्रकासारखा पाळायचा नसतो. ज्याला आपल्या नीतीचा अभिमान आहे त्याला आधी आज्ञा, ज्याला इतरांच्या आज्ञांनी आधीच चिरडले आहे त्याला आधी पाणी. श्रीमंत तरुणापुढे येशूने आज्ञा ठेवल्या, विहिरीवरच्या बाईपुढे ठेवल्या नाहीत. हा विवेक नसेल तर दहा आज्ञा तोंडपाठ असूनही प्रचारक आंधळाच.

यावर एक आक्षेप असा येतो की पापाची ही सगळी भाषा मुळात परदेशी आहे, सिनायच्या वाळवंटातली. कोकणातल्या माणसाला तिचे काय? आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण टिकत नाही. इथल्या गावकऱ्याला देव हिशेब मागणारा आहे हे पक्के ठाऊक असते. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालताना चूकभूल पोटात घालण्याची विनवणी असते, देवाची आण घेऊन खोटे बोलायला अजूनही जीभ कचरते, बोललेला नवस फेडला नाही तर म्हातारी माणसे रात्र रात्र जागी राहतात. पौलाने हे ओळखले होते. अथेन्समध्ये बोलताना त्याने मोशेचे नाव काढले नाही, ग्रीकांच्या कवींचेच दाखले दिले. आणि ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणात त्याचे काम लिहिलेले आहे असे त्याने रोमकरांस लिहिले. तेव्हा मराठी श्रोत्यापुढे बोलणाऱ्याने दहा आज्ञांचा, म्हणजे निर्गमचा विसावा अध्याय उघडण्याआधी तुकोबा उघडले तर काही बिघडत नाही. फरक आहे तो इथे: गावदेवाचा हिशेब बहुधा मानपानाचा, राखणीचा, नवसाचा असतो, सगळ्या गावाचा मिळून असतो. दहावी आज्ञा एकेकट्या माणसाला गाठते, तीही घरात दिवा मालवल्यावर.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे. 1967 च्या ओरिसाच्या आणि 1968 च्या, 2021 पर्यंत लागू असलेल्या मध्य प्रदेशच्या धर्मस्वातंत्र्य कायद्यांत बळजबरीची जी व्याख्या आहे, तिच्यात ईश्वरी कोपाची धमकीही धरलेली आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही कायदे वैध ठरवले, आणि राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातला प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे, असे म्हटले. मग देवाचे नियमशास्त्र सांगणे म्हणजे ईश्वरी कोपाची धमकीच नाही का? या कलमाची भाषा मला फार सैल वाटते. ती काटेकोर लावली तर पंढरीच्या वाटेवरचा कीर्तनकार आणि मशिदीतला खतीब दोघेही अडकतील. तरी त्यामागची भीती खोटी नाही. अडाणी माणसाला तुझी गाय मरेल, तुझे पोर दगावेल, म्हणून आमच्या देवाकडे ये असे सांगणारा धमकीच देतो, आणि ती गुन्हा असावी. दोघांमधली रेघ कुठे ओढायची? सांगणारा स्वतः त्या आज्ञेखाली उभा आहे का, यावर. धमकी देणारा नेहमी धोक्याबाहेर उभा असतो. आपण दोघेही या आज्ञेपुढे नापास आहोत असे म्हणणाऱ्याला धमकी देता येत नाही. तो फार तर वाईट बातमी सांगतो, आणि तीही स्वतःसकट. मध्य प्रदेशच्या किंवा ओडिशाच्या पोलिसाला हा फरक दिसेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. श्रोत्याला मात्र तो लगेच दिसतो. 1831 मध्येही दिसला होता.

आणि आमिषाचे काय? आज खेड्यापाड्यांत ख्रिस्ती प्रचाराचा जो चेहरा लोकांना दिसतो, तो पुष्कळदा चंगाई सभांचा असतो. आजार बरा होईल, दारू सुटेल, कर्ज फिटेल, मूल होईल. दारू सुटलेली घरे असतात, आणि त्या घरच्या बायकांना हा युक्तिवाद ऐकवण्याची माझी हिंमत नाही. पण सुवार्तेचे तोंडच लाभापासून उघडले की दोन गोष्टी होतात. आजार बरा झाला नाही तर श्रद्धा कमी पडली असा दोष आजाऱ्याच्याच माथी येतो, ही एक. आणि ज्यांना सगळाच धर्मप्रचार आमिष वाटतो, त्यांच्या हाती आयता पुरावा पडतो, ही दुसरी. ल्यूथर-कॅल्विनच्या वंशातल्या मंडळ्यांनी आपले सगळ्यात मोठे भांडवल अशा वेळी अडगळीत टाकावे, याचे आश्चर्य वाटते. तू लोभी आहेस, मीही लोभी आहे, आणि यातून आपल्याला आपल्या बळावर सुटता येत नाही, या वाक्यात आमिष शोधून दाखवावे. असे ऐकायला पैसे देऊनही कुणी येणार नाही, आणि तरी जो येतो तो कशासाठी आला हे कुठल्याही न्यायालयाला कळेल.

म्हणून चिपळूण-दापोलीपासून नगर-जालन्यापर्यंत सभांची पत्रके छापणाऱ्या पाळकांना एकच विनंती. पुढच्या पत्रकावर बरे झालेल्यांचे फोटो छापू नका. अनुवादच्या पाचव्या अध्यायातली दहावी आज्ञा छापा, शेजाऱ्याच्या शेतासकट. आणि सभेला उभे राहाल तेव्हा ती पहिल्यांदा आपल्याच मंडळीच्या मालमत्तेला, आपल्याच ट्रस्टच्या जमिनींच्या वादांना लावून दाखवा. मांडव निम्मा रिकामा राहील. राहू द्या.